साबणाच्या डबीतली गोफण

खुनाच्या कितीतरी फायली आता पुसट झाल्या आहेत, दरोड्यांतले आरोपी माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण अनसिंगातली ती साबणाची डबी अजून जशीच्या तशी आठवते. नोकरीत मी तलवारी जप्त केल्या, गावठी दारूची पिंपं जप्त केली, एकदा तर बैलांसकट अख्खी गाडी जप्त केली. खेळणं जप्त केलं ते एकदाच. आणि त्या जप्तीबद्दल आजही कुणी विचारलं तर मी छाती काढून सांगतो.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. मटका आणि जुगाराला त्या भागात ऊत आला होता, म्हणून वरिष्ठांनी एक लहानसं पथक नेमून ते माझ्या हाताखाली दिलं. मी फौजदार, देशावरचा माणूस. वऱ्हाडी बोली कानाला बसायला मला वेळ लागला, आणि एकदा बसली ती उठलीच नाही. पथकात माझा उजवा हात म्हणजे एक हवालदार. तो इथलाच, भरदार मिशांचा, खाण्यात आणि खबर काढण्यात सारखाच पटाईत.

एके सकाळी हजेरी आटोपून चहा घेत होतो. एसटी स्टँडजवळ हॉटेल चालवणारा आमचा खबऱ्या मागच्या दाराने आला. खबर मोठी असली की तो बसत नसे, उभ्याउभ्याच बोले. त्या दिवशी तो उभा होता.

"साहेब, अनसिंगात सट्ट्याची मशीन बनून राह्यली. मुठीत मावते. बटन दाबलं का लाल लाईट पयते. रेडिओवाला मेकॅनिक हाय तिथं, तो आन् त्याची बायको. येत्या बाजारी शेलूबाजारात दुकान लावनार हायेत."

"लाइट पळते म्हणजे सट्टा कसा?"

"बुडाले चोरबटन हाय ना. मालकानं ते दाबलं का खेयनारा हारलाच समजा."

चोरबटण म्हटल्यावर माझे कान टवकारले. फासे घासणारे, पत्त्यांना खुणा करणारे मी पाहिले होते. पण विजेवर चालणारा आणि खिशात मावणारा जुगार नवाच होता. असलं यंत्र एकदा बाजारात उतरलं असतं तर गावोगाव पसरलं असतं आणि मी जन्मभर त्याच्या मागे पळत राहिलो असतो. मी ठाणे दैनंदिनीत नोंद केली आणि हवालदाराला साध्या वेशात पाठवलं. सोबत त्याने घरचाच बिघडलेला रेडिओ नेला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा रेडिओ खणखणीत वाजत होता. "मानूस कामाचा हाय साहेब," तो म्हणाला, "पन घर संशयाचं हाय." ऑक्टोबरचा उकाडा, आणि भरदिवसा घराच्या खिडक्या लावलेल्या. फटीतून लाल उजेड लुकलुकत होता. आतून बाईचा आवाज, "हुकलं! आता मार, आता मार!" शेजारी म्हणाला, यांचं ते चालू झालं की आमच्या रेडिओतल्या बातम्यांत टिकटिक होते.

एवढं पुरेसं होतं. झडतीचं वॉरंट घेतलं, गावातले दोन पंच घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार ठोठावलं. दार बाईनेच उघडलं. तिशीतली असेल, पदर खोचलेला, बोटांना तेलरंग लागलेला. खाकी पाहून माणसं एक तर मागे सरकतात किंवा फार गोड बोलतात. तिने यातलं काहीच केलं नाही.

"कायले आले जी?"

"झडती घ्यायची आहे."

"घ्या ना. पन पाय पाहून टाका, खाली तारा पसरल्या हायेत."

आत अंधार. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पाटावर रेडिओची आतडी, आणि कोपऱ्यात एक टोपलं. त्या टोपल्यात साबणाच्या डब्या गच्च भरलेल्या होत्या, गुलाबी, हिरव्या, निळ्या. प्रवासात साबण ठेवायला बाजारात मिळतात त्याच. प्रत्येक डबीच्या तोंडावर पत्रा बसवलेला, पत्र्यात लाल दिव्यांच्या तीन उभ्या ओळी, खाली तीन बटणं, आणि बाजूला पांढऱ्या रंगात वळणदार अक्षर: गोफण.

मेकॅनिक खाटेवर बसून तारेला कथलाचा डाग देत होता. किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने मला नमस्कार केला आणि पहिलं वाक्य बोलला ते हवालदाराला, "टोपलं आपटू नका जी, अंदर नाजूक हाय." हे वाक्य मी लक्षात ठेवलं. गुन्हेगार झडतीच्या वेळी दाराकडे बघतो, नाहीतर जिथे माल लपवलाय तिथून नजर चुकवतो. हा माणूस आपल्या मालावरून नजर काढायलाच तयार नव्हता.

टोपलं मुद्देमाल म्हणून ठाण्यात आलं आणि त्यामागे मेकॅनिकही आला. बाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर ठाण मांडून बसली. चौकशी सुरू केली.

"हे काय आहे?"

"खेय हाय साहेब."

"पैसे लावून खेळायचा?"

"नाई. पैसे देऊन डबी घ्याची आन् घरी नेऊन खेयाची. मंग खेयाचे मले कायचे पैसे?"

"ही कल्पना कुठून आली?"

तेव्हा तो सैलावला. रेडिओचं सामान आणायला तो मुंबईला जाई. तिथल्या दुकानदाराने सांगितलं होतं, परदेशात म्हणे हातात धरायचे विजेचे खेळ निघालेत, दिवे पळतात आणि पोरं काय, बापेही वेडे होतात. दुकानदाराकडे खेळ नव्हता, नुसतं वर्णन होतं. याने वर्णनावरून घरी येऊन मांडणी सुरू केली. वाशीमच्या दुकानातली नोकरी सोडली, कारण दिवसभर दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करून डोकं शिल्लक राहत नव्हतं. पहिला खेळ मोटारींच्या शर्यतीचा केला, लाकडी पेटीत. तो उचलायला दोन हात लागत. दुसरा पत्र्याच्या डब्यात, तर तारा पत्र्याला लागून सगळंच बसलं. मग एक दिवस आंघोळीला बसला असताना साबणाची डबी हातात आली आणि तो तसाच ओला बाहेर आला.

"आन् मोटारी मीनं काढाले लावल्या," व्हरांड्यातून बाई म्हणाली. तिला आत बोलावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"का?"

"मोटारीची शर्यत आमी कधी पाह्यली, साहेब? मी मनलं, ज्वारीवर पाखरं येतात ते टाक. मचानावर बसून गोफन तर साऱ्यांनीच फिरवली. लाईट म्हंजे पाखरू. वरून खाली येते. कनसावर टेकाच्या आंधी बटन दाबलं त पाखरू उडालं. आंधी दाबलं त गोटा हुकला, उशिरा दाबलं त कनीस गेलं. मंग पाखरं घाईनं येतात, आनखी घाईनं."

मी टेबलावरची एक डबी मेकॅनिकपुढे सरकवली. "खेळ."

तो खेळला आणि हरला. पुन्हा खेळला, पुन्हा हरला. तिसऱ्यांदा कपाळाला घाम. हवालदार मिशीत हसू लागला. मी मात्र हसलो नाही, कारण खाटकन एक गोष्ट डोक्यात आली होती. ज्याने लुबाडायचं यंत्र केलं तो आपल्याच यंत्रावर, तेही पोलिसांसमोर, असा धडाधड हरेल का?

"ह्यांचं असंच हाय," बाई म्हणाली. "बनोते हे, खेयते मी." तिने डबी घेतली. तिचे अंगठे कधी हलले ते कळत नव्हतं. पाखरामागून पाखरू उडत होतं, आणि डबीतून बारीक चिवचिव येत होती. शेवटी एक सुटलं. तिने आपल्या उजव्या अंगठ्याकडे रागाने पाहिलं.

"एक सांगू का साहेब? आमचं पंचशील घेतलेलं घर हाय. दारू नाई, लबाडी नाई. उद्या कोनी मले जुगाऱ्याची बायको मनलं त मी वस्तीत तोंड कसं दाखवू? आन् जुगार वळखाले कायदा कायले पाह्यजे? जुगारात हारलेला मानूस नशिबाले शिव्या देते. ह्या डबीत हारलेला आपल्या आंगठ्याले देते."

कौशल्याच्या खेळाला जुगाराच्या कायद्यात सूट आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी बोलण्यावर सोडून देणारा मी नव्हे. पंचांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर, वाटेल ती निवडा म्हणून, टोपल्यातल्या डब्या उघडवल्या. मेकॅनिकचा जीव कासावीस होत होता, पण त्यानेच मुकाट्याने स्क्रू काढले. बूड तपासलं, कडा तपासल्या, प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते त्याने दाखवलं. चोरबटण कुठल्याच डबीत नव्हतं आणि बसवायला जागाही नव्हती. तसा पंचनामा झाला.

आता खरं कोडं सुरू झालं. नसलेलं बटण खबऱ्याला दिसलं कसं?

त्याला बोलावलं, चहा मागवला आणि डबी त्याच्या हातात दिली. "चोरबटण दाखव."

त्याने डबी उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं. "इथंच कुठी असन."

"तू पाहिलंस?"

"नाई जी. ऐकलं."

"कुणाकडून?"

तो चहात बघू लागला. माणूस कपात बघू लागला की समजावं, नाव जिभेवर आलंय आणि तो फक्त किंमत मोजतोय. मी गप्प राहिलो. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प राहणं महाग पडतं, अर्थात समोरच्याला. चहा निवायच्या आत नाव आलं. शेलूबाजारात कापडाच्या दुकानाच्या आड मटका चालवणारा एक शेठ. आम्ही त्याच्या मागावर कधीचे होतो. पण जीपा थांबतात तिथेच त्याचं दुकान, आमची गाडी वळली की आत चिठ्ठीचा कपटाही उरत नसे.

मी मेकॅनिककडे वळलो. "या शेठला तू ओळखतोस?"

उत्तर बाईने दिलं. "घरी आलता ना तो. मने, डबीले बुडी चोरबटन बसवून दे, साऱ्या डब्या मी घेतो, तुमी जलमभर बसून खा. ह्यांनी मनलं, नाई. तो मने, मंग बाजारात कशी विकता ते पाह्यतो."

"मग हे आधीच का नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठी?" ती म्हणाली. हवालदार खोकला.

म्हणजे ते चोरबटण जगात एकाच ठिकाणी होतं, शेठच्या डोक्यात. जे त्याला हवं होतं आणि मिळालं नव्हतं, तेच त्याने खबरीत घालून पाठवलं होतं. पोलिसांच्या हातून एका भल्या माणसाचा धंदा मोडायचा, आणि मग हताश झाला की त्याला विकत घ्यायचं. डाव चांगला होता. फक्त स्वतःची हाव खबरीत मिसळायला नको होती.

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल परत करायचा हुकूम झाला. बाजार दोन दिवसांवर होता. टोपलं घेऊन दोघं ठाण्याच्या अंगणात आले तेव्हा हवालदाराला राहवेना. "एक डाव मलेबी द्या ना," म्हणत त्याने डबी घेतली, बटण दाबलं, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"साहेब, हे आंधळं हाय."

मी पाहिलं. डबीतून चिवचिव ऐकू येत होती, पण पाखरू दिसत नव्हतं. ऑक्टोबरच्या उन्हात ते दिवे पेटलेत की विझलेत हेच कळेना. मेकॅनिकने एकेक करून चार-पाच डब्या चालू केल्या आणि मग पायरीवर मटकन बसला. शेठच्या, शेजाऱ्यांच्या नजरेच्या भीतीने त्यांनी सगळी घडण खिडक्या लावून केली होती. त्या खेळाने ऊन पाहिलंच नव्हतं. आणि शेलूबाजारचा बाजार भरतो तो उघड्या उन्हात.

"संपलं," तो म्हणाला. तो झडतीत, कोठडीच्या दारात, माझ्या प्रश्नांत डगमगला नव्हता. आता त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणावर ते कळेना. मी त्याच्या हातातून डबी घेतली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर आडवी धरली आणि टोपीखाली डोकावलो. लाल पाखरू झरझर खाली येत होतं. मी बटण दाबलं. ते माझं पहिलं पाखरू.

"दिसतंय!" मी म्हणालो. "सावली हवी, बाकी काही नाही."

बाई माझ्या टोपीकडे पाहत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "झाकनं कुठी हायेत?"

साबणाच्या डबीला झाकण असतं. अंगठ्याच्या आड येतं म्हणून यांनी सगळी झाकणं कापून पोत्यात भरून ठेवली होती. तो ताडकन उठला. झाकण वरच्या बाजूला उलटं बसवायचं, अर्धं उघडं राहील असं, घराच्या पडवीसारखं. त्याखाली दिवे, आणि अंगठे मोकळे. वर खिशात टाकताना झाकण मिटलं की दिव्यांना धक्का नाही. मला आणि हवालदाराला नमस्कार करायचंही भान न राहता ते दोघं एसटी गाठायला धावले.

बाजाराच्या दिवशी माझीही योजना तयार होती. मेकॅनिकला मी एवढंच सांगितलं की दुकान शेठच्या दुकानाच्या अगदी समोर लाव. शेठने पाहिलं, पान थुंकला, आणि पोलिसांनी यांना सोडलं कसं या विचारात पडला असावा. माझी माणसं साध्या वेशात बाजारात पसरली. हवालदाराची जागा डब्यांच्या दुकानापुढे. गिऱ्हाईक होऊन उभं राहायचं आणि समोर चिठ्ठ्या सुरू झाल्या की दुपट्टा झटकून इशारा करायचा.

सुरुवातीला कुणी फिरकेना. साबणाची डबी बघून एक आजीबाई म्हणाली, "साबन कुठी हाय यातला?" मग हवालदाराने खेळायला घेतली आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "हात तुह्या!" दोन माणसं थांबली. कुणी सांगितलं, ज्वारीवरची पाखरं आहेत. मग काय विचारता! आठवडाभर मचाणावर घसा बसलेली माणसं ती. पाखरांवर सूड उगवायची संधी कोण सोडतो. "इकडं दे, मी मारतो." "अबे, थांब ना, टेकू दे!" जीपवाले गाड्या सोडून आले. बायका पिशव्या खाली ठेवून अंगठे चालवू लागल्या. ज्या आजीने साबण विचारला होता, तिने एकही पाखरू टेकू दिलं नाही, आणि गर्दीने तिला डोक्यावर घेतलं. डब्या हातोहात जाऊ लागल्या. बाई विकत होती, मेकॅनिक नुसता सेल घालत होता, आणि त्याच्या चष्म्याची काडी सुटलेलीही त्याला कळत नव्हती.

मी कडुनिंबाखाली उभा राहून दुपट्ट्याची वाट पाहत होतो. दुपट्टा काही हलेना. जवळ जाऊन पाहतो तर शेठकडे चिठ्ठ्या राजरोस सुरू आणि आमचा हवालदार समोरच्या डबीत बुडालेला. मी त्याच्या कानाशी गेलो. तो दचकून म्हणाला, "एकच पाखरू साहेब, एकच." मी त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून स्वतःच झटकला.

त्या गर्दीचा फायदा मोठा झाला. आमची गाडी नाही, खाकी नाही, आणि शेठच्या पहारेकऱ्यांनाही पुढची चिवचिव सोडवेना. आम्ही गर्दीतूनच आत शिरलो. चिठ्ठ्या, आकडे, रोकड, सगळं जिथल्या तिथे, आणि शेठ गादीवर. खटला इतका पक्का उभा राहिला की पुढे कोर्टात त्याच्या वकिलाला फार काही बोलता आलं नाही. शिक्षा झाली.

त्याला बाजारातून नेत होतो तेव्हा टोपलं रिकामं झालं होतं. शेवटची डबी मी आधीच बाजूला ठेवायला सांगितली होती. बाई ती फुकट द्यायला निघाली, मी पुरे पैसे मोजून दिले. शेठने आमच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "नशीबच फुटकं निघालं," तो म्हणाला.

बाई हसली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.

पुढे त्या जोडप्याने जऊळक्यापासून कारंज्यापर्यंत बाजार केले, मांडणी बदलली, नवे खेळ काढले. खऱ्या परदेशी डब्या आल्या तोवर त्यांचं वाशीमात स्वतःचं दुकान झालं होतं. मला त्या प्रकरणाने शिकवलं ते असं, की खबर काय आहे हे कुणीही ऐकतो. ती देणाऱ्याला कळली कशी, हे विचारतो तो पोलीस. पुढे नवीन फौजदारांना मी हेच सांगत आलो. बाकी सगळं कायद्याच्या पुस्तकात असतं.

डबी आजही माझ्याकडे आहे, झाकणासकट. सेल बदलले की अजून चिवचिवते. काल दुपारी अंगणात बसून खेळलो. बराच वेळ टिकलो, मग घाई वाढली आणि एका पाखराने कणीस नेलंच. नशिबाला काही बोललो नाही. अंगठ्याकडे पाहिलं, त्याला दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा बटण दाबलं.